थंडीतल्या शुभेच्छा: कार्डावर काय लिहावं, फोटोखाली काय?

बर्फातली भाकरी (धागाकर्ती)

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही मिनियापोलिसला राहतो. इथे डिसेंबर लागला की घरोघरी फोटोकार्डं निघतात. सगळं कुटुंब एका रंगाच्या स्वेटरांत, खाली एक ओळ, की चालली पाकिटं पोस्टात. आजवर आम्ही छापील इंग्रजी ओळीवर भागवलं. यंदा सासूबाई इथे आल्या आहेत, त्यामुळे कार्ड मराठीतच काढायचं असं घरात ठरलंय. थोडी इथल्या मंडळातल्या दोस्तांना जातील, बाकीची भारतात नातेवाइकांना.

फोटो काढून झालाय. मागे गोठलेलं तळं, तापमान उणे २२. नवरा, मी, दोन मुलं आणि मधोमध सासूबाई. अंगात नऊवारी, त्यावर नवऱ्याचं फुगीर जॅकेट, पायात नातवाचे बर्फातले बूट. हाच फोटो जायला हवा हा आग्रहही त्यांचाच.

अडलंय ते ओळीवर. "तिळाची स्निग्धता, गुळाचा गोडवा" इथपर्यंत लिहिलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. दर जानेवारीत हेच दहा ठिकाणांहून येतं. हलकंफुलकं हवं, पण ऐंशीच्या घरातल्या काकांनाही चालायला हवं. फॉरवर्डमधलं नको. सुचवा काहीतरी.

निफाडकर

उणे २२! आमच्याकडे पारा पाचाच्या खाली उतरला की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात. तुमच्याकडे माणसं कशी तडकत नाहीत?

ताई, फोटोत एवढा ऐवज उभा असताना तीळगूळ हवाच कशाला? माझं एकच म्हणणं आहे. फोटोत जे दिसतंय ते ओळीत पुन्हा सांगू नका. "बर्फाच्या सान्निध्यात आम्ही सारे" हे लिहायची गरज नाही, बर्फ दिसतोय की. जे दिसत नाही ते लिहा. हातमोजे काढायला कोण तयार नव्हतं? फोटो झाल्या झाल्या गाडीकडे पहिलं कोण पळालं? "हा फोटो काढेपर्यंत सगळे एकमेकांशी गोड बोलत होते" एवढं लिहिलंत तरी वाचणारा हसेल, कारण त्याच्याही घरी फोटोच्या वेळी तेच होतं.

पाटीबहाद्दर

खालील मजकूर फुकट वापरावा. श्रेय दिल्यास हरकत नाही.

"फोटोत सर्वजण हसत आहेत. घरी येऊन खात्री करू नये."

"कार्ड मिळाल्यास कळवावे. न मिळाल्यासही कळवावे."

"तिळगूळ मोजून पाठवला आहे. गोड बोलणे ऐच्छिक."

"शुभेच्छा वर्षभर पुरवून वापराव्यात. पुढील साठा डिसेंबरात येईल."

"दुपारी १ ते ४ शुभेच्छा स्वीकारल्या जाणार नाहीत."

बर्फातली भाकरी

"गोड बोलणे ऐच्छिक" वाचून सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "हे धाकट्या जाऊबाईंना मात्र पाठवू नकोस."

म्हणजे एकच ओळ सगळ्यांना चालणार नाही, हा एक नवीनच घोळ.

शाईदौत

घोळ नाही, सोय आहे. आपल्या जुन्या पत्रांत यासाठी जागा राखून ठेवलेली असे. मायना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे, मजकूर सरळ, आणि सगळा खट्याळपणा ता. क. मध्ये. वडीलधारा माणूस पहिल्या दोन ओळींत "रीत पाळली" म्हणून निश्चिंत होतो. त्यानंतर त्याला काहीही वाचायला द्या, तो रागावत नाही. गंमत मायन्यातच केलीत, तर पुढचं सगळं पत्र तो भुवया उंचावूनच वाचेल.

आणखी एक फायदा म्हणजे जागा. कार्डावर असते चार बोटं जागा, आणि आपले संक्षेप त्यासाठीच घडवल्यासारखे आहेत. वडीलधाऱ्यांना सा. न. वि. वि., बरोबरीच्यांना स. न. वि. वि., धाकट्यांना अ. उ. आ. शाळेत ज्याने म्हणून मराठीच्या पेपरात पत्र लिहिलंय, त्याला ते बघूनच गंमत वाटते. नमुना देतो:

ती. अण्णा व ती. सौ. काकू यांस,
सा. न. वि. वि.
इकडील सर्व क्षेम. थंडी सोडल्यास तक्रार नाही. चि. मुले अभ्यास करतात, असे ती सांगतात. नवीन वर्ष आपणांस सुखाचे व आरोग्याचे जावो.
मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.
ता. क. फोटोतील जॅकेट परत मिळावे, असा अर्ज चिरंजीवांनी मातोश्रींकडे केला आहे. तो विचाराधीन आहे.

छापील भाग सगळ्यांना एकच ठेवा आणि ता. क. पेनाने लिहा. ज्याला जो विनोद झेपेल, तो त्याला. जाऊबाईंना फक्त "तब्येतीला जपावे".

निफाडकर

"अभ्यास करतात, असे ती सांगतात" _/\_

हजरजबाबी

एवढं डोकं कशाला लावायचं? सरळ नवरा-बायकोवर टाका एखादा. "बायको गोड बोलली, तेव्हाच कळलं संक्रांत आली." हमखास चालतो. किंवा काळ्या साडीवर काहीतरी, "काळ्या साडीत गोरा चंद्र" वगैरे. आणि डिसेंबरात कार्ड पाठवायचं कारणच काय? नाताळ तिकडच्या लोकांचा सण, आपण आपलं संक्रांतीला पाठवावं. (ह. घ्या.)

सुगड

हलकं घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. कार्ड जातं बायकोच्या नावानेही, आणि पाकिटांवर पत्ते बहुतेक घरांत तीच लिहिते. तिच्याच खर्चाने हशा मिळवून तिलाच तिकिटं चिकटवायला सांगणार का? आणि तो "गोरा चंद्र" राहू द्या आता. संक्रांतीला काळा नेसायचा तो थंडीत ऊब राहावी म्हणून. फोटोतल्या कुणाच्या रंगाचा त्यात काय संबंध?

घरच्या माणसाची गंमत करायची तर त्याला आधी ओळ दाखवायची, हा आमच्या घरचा नियम. ताईंच्या सासूबाईंचा विनोद चालतो, कारण त्या स्वतःच त्यात सामील आहेत.

पापडीचा तारा

हजरजबाबी, "तिकडच्या" म्हणजे कुठल्या? मी वसईची. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या नाताळच होतो, आणि तो मराठीतच होतो. मध्यरात्रीची मिस्सा, अंगणातला गोठा, दारावर चांदणी. आजी सामवेदीत ओरडते, आई पुस्तकी मराठीत. "नाताळच्या आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छा" ही आमची रोजच्या वापरातली ओळ आहे, कुणाकडून उसनी आणलेली नाही.

आता विनोदाचं. आमच्याकडे नाताळच्या आधी कुलकुलं करायला सगळं घर बसतं. पिठाची गोळी कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि वळून घ्यायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उठतात. गेल्या वर्षी त्या बैठकीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: "वळायला सहाजण, तळायला एकटी आई, खायला तुम्ही या." गोठ्याच्या फोटोखाली भावाने लिहिलं: "मेंढरं मोजली. एक जास्त भरलं, ते आमचं मांजर."

ताई, तुमच्या यादीत कुणी वसईचं, नगरचं किंवा गोव्याचं ख्रिस्ती कुटुंब असेल, तर त्यांच्या कार्डावर पेनाने "नाताळ" जरूर लिहा. फार बरं वाटतं.

हजरजबाबी

मान्य. शब्द मागे. कुलकुलं मात्र पाठवा.

पापडीचा तारा

खायला या, असं वर लिहिलंयच की.

टपालकाका

पोस्टात नोकरी झाली, म्हणून थोडं अवांतर.

छापील नाताळकार्ड निघालं तेच मुळी पत्रं लिहिण्याच्या कंटाळ्यातून. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक सरकारी अधिकारी होते. १८४० मध्ये पेनीत पत्र जायची सोय झाली, त्या कामात त्यांचा हात होता. स्वस्ताई झाली, पत्रांचा ढीग साचला आणि उत्तरं लिहायला वेळ पुरेना. मग १८४३ च्या डिसेंबरात त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि हजारभर कार्डं छापली. किंमत शिलिंगाला एक. चित्रात टेबलाभोवती तीन पिढ्यांचं कुटुंब पेले उंचावून बघणाऱ्याला शुभेच्छा देतंय. त्यातल्या एका लहान मुलीच्या तोंडालाही वाइनचा पेला लावलेला आहे, त्यावरून दारूबंदीवाल्यांनी गहजब केला. तेव्हा ताई, कार्डावरच्या फोटोला कुणी नाक मुरडलं तर वाईट वाटून घेऊ नका, परंपरा पहिल्या कार्डापासूनची आहे. तीन पिढ्या तुमच्याही फोटोत आहेतच. पेल्यात चहा ठेवा म्हणजे झालं.

आपल्याकडे शुभेच्छापत्रं बुक पोस्टाने जायची. पाकीट चिकटवायचं नाही, झाप नुसती आत खोचायची, कोपऱ्यात "बुक पोस्ट" लिहायचं. दर कमी, पण आत खासगी पत्र लिहायला मनाई. लोक तरी छापील "शुभेच्छा" शब्दाच्या आजूबाजूला बारीक अक्षरात सगळं घर ओतायचे. ताईचं ठरलं, गाय व्याली, मोत्या गेला. उघडी पाकिटं, नजर जायचीच. हसून झाप परत खोचायचो.

शाईदौत

काका, "मोत्या गेला" हे शुभेच्छापत्रावर?

टपालकाका

हो, आणि त्याच्या खाली "नववर्ष सुखाचे जावो".

उन्हाळी सांता

मेलबर्नहून नमस्कार. धाग्यात सगळे कुडकुडताहेत, आणि आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा चाळिशी गाठतो. दुकानांच्या काचांवर तरीही कापसाचा बर्फ. इथल्या मराठी घरांत संक्रांतीला तिळगूळ हातात घेतला की हाताला चिकटतो.

आमची खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही म्हणता, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. आमच्याकडे तो तेव्हा लहान व्हायला लागलेला असतो. म्हणून गेल्या वर्षी कार्डावर लिहिलं: "दिवस तिकडे तिळातिळाने वाढोत, इकडे तिळातिळाने घटोत. वर्ष दोन्हीकडे बरं जावो." फोटो समुद्रावरचा, मुलांच्या डोक्यावर हलव्याचे मुकुट. मुकुट वितळायच्या आत काढलेला.

निफाडकर

ही ओळ इतर कुणाला चालणारच नाही, म्हणूनच चांगली आहे. फॉरवर्ड होऊच शकत नाही.

बर्फातली भाकरी

सगळ्यांचे आभार, पण नवीन संकट. छपाईला उशीर होतोय. भारतातली कार्डं नाताळपर्यंत काय, एक तारखेपर्यंतही पोचायची नाहीत. आता त्यावरच विनोद करू का, "उशिराबद्दल क्षमस्व" वगैरे?

सुगड

क्षमा कसली मागता? मराठी माणसाला या मोसमात उशीर होऊच शकत नाही. नाताळ हुकला तर एक तारीख, ती हुकली तर भोगी, मग संक्रांत. आणि तिळगूळ तर रथसप्तमीपर्यंत चालतो. हळदीकुंकू तोवर असतंच, कार्डाने काय घोडं मारलंय? रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीची, त्यामुळे ही सवलत दर वर्षी कमीजास्त होते. २०२४ मध्ये ती १६ फेब्रुवारीला होती, २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला. कालनिर्णय बघा आणि निवांत पाठवा. फक्त कार्डावर तारीख छापू नका. "हा हिवाळा" म्हणा. किंक्रांतीला पोचलं तर सासरची माणसं कुरकुरतील, पण ती एरवीही कुरकुरतात.

संक्रांतीच्या फोटोंना ओळ शोधत बसायचीही गरज नाही, उखाणा आहे ना. दोन ओळी, यमक, आणि नाव घालायला जागा तयार. नव्या जोडप्याच्या हलव्याच्या दागिन्यांच्या फोटोला बहिणीसाठी केलेला:

हलव्याचा बाजूबंद, हलव्याचा हार,
अमुकराव चोरून खातात, मणी उरले चार.

बोरन्हाणाच्या फोटोला, बाळाच्या आईकडून:

बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, डोक्यावर गोड पाऊस,
बाळ रडतंय तरी पुरवतोय सगळ्यांची फोटोची हौस.

दुसऱ्यात मात्रा सांडल्यात, माहीत आहे. बोरन्हाणात सगळंच सांडतं.

एक गंभीर गोष्ट मध्येच सांगून टाकते. यादी करताना ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, ते नाव बाजूला काढा. त्या घरी सण नसतो. तिथे हसरं कार्ड नको. साधा कागद घ्या आणि हाताने लिहा: "तुमची आठवण येते. यंदा सण नाही हे ठाऊक आहे, म्हणून नुसतं पत्र." एवढं पुरतं.

शाईदौत

पूर्ण सहमत. अशा पत्राला ता. क. देखील नसावा.

वेलांटी

कार्डं छापायच्या कामातली आहे. सगळे ओळींवर बोलताय, आणि ओळ छापताना फुटते ते कुणीच सांगत नाहीये. परदेशातल्या पुष्कळ फोटोछपाईच्या साइटींवर मराठी मजकूर त्यांच्या चौकटीत टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. "शुभेच्छा"चं "शुभेच्‌छा" होतं. पडद्यावर नीट दिसलं तरी छापताना फुटू शकतं.

म्हणून ओळ आधी स्वतःच फोटोवर बसवा आणि सगळं मिळून एकच चित्र म्हणून चढवा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात. मुक्ता सरळ मजकुराला, बालू गुबगुबीत आहे, त्यात विनोद शोभतो. अक्षरं कडेपासून बोटभर आत ठेवा, कापताना मात्रा उडते. बर्फावर पांढरी अक्षरं नकोत, हे सांगायला नको, पण दरवर्षी सांगावं लागतं.

आणि अमेरिकेत आहात तर चौरस पाकीट घेऊ नका. तिथल्या टपालयंत्राला चौरस पाकिटाची उभी-आडवी बाजू कळत नाही, त्यामुळे जादा तिकीट लागतं.

टपालकाका

वेलांटीताई, बरोबर. यंत्र असो की माणूस, लांबट पाकीटच बरं.

मांडवीकाठ

गोव्यातून एक फोटोओळ. आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री जुन्या वर्षाचा म्हातारा जाळतात. गवत-चिंध्या भरलेला पुतळा, जुनी पँट, तोंडात विडी. त्याआधी पोरं रस्त्यात गाड्या अडवून "म्हाताऱ्यासाठी" पैसे मागतात. गेल्या वर्षी भाच्याने म्हाताऱ्याला न विचारता माझा शर्ट घातला. दोघांचा शेजारी शेजारी फोटो काढला आणि खाली लिहिलं: "डावीकडचा आज रात्री जाईल. उजवीकडचा शर्ट मागतोय." आत्याने फोन करून विचारलं, तू कुठल्या बाजूचा?

बर्फातली भाकरी

झालं! कार्ड छापायला गेलं. मजकूर शेवटी सासूबाईंनीच केला. सुगडताईंचे उखाणे वाचून दाखवले, तर त्या म्हणाल्या "हे काय, मी आत्ता करते," आणि भाजी निवडता निवडता केलाच:

तळ्यावर बर्फ, बर्फावर ऊन,
अमुकरावांचं नाव घेते, जॅकेट लेकाचं घालून.

(कार्डावर खरं नाव आहे. सासरे नाशकात, त्यांना पहिलं कार्ड.) मागच्या बाजूला शाईदौतांचा मायना, थोडा कापून. ता. क. ची जागा रिकामी ठेवलीय, पेनाने लिहिणार. पाकीट लांबट. वेलांट्या तीन जणांनी तपासल्या. "अभ्यास करतात, असे ती सांगतात" हे वाक्य मुलांनी गाळायला लावलं, म्हणून ते फक्त त्यांच्या आजोबांच्या ता. क. मध्ये.

शाईदौत

उखाणा उत्तम. "घालून"वर असा शेवट करायला धीर लागतो. मातोश्रींना सा. न.

शिवार

धागा वर काढतो. सोलापूरकडे ऑफिसच्या लोकांना शेतावर हुरड्याला नेलं होतं. ग्रुप फोटो आहे, मध्ये साहेब, हातात कणीस, तोंडभर राख. उद्या ग्रुपवर टाकायचाय. फोटोखाली असं लिहायचंय की साहेबही हसतील आणि नोकरीही राहील.

पाटीबहाद्दर

"हुरडा गरम, साहेब नरम. फोटो त्वरित काढून घेतला."

निफाडकर

राखेचा उल्लेख नको. ती दिसतेय.

शिवार

टाकला. साहेबांनी स्वतःच स्टेटसला लावलाय, पण "साहेब नरम" एवढं कापून.